खेळाचाही त्रिस्तरीय बेणेमळा



आडसाली लागणीची घाई सुरू होते त्याच सुमारास तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धाही सुरू होतात. रानात माणूस कमी पडले की आपण पोराला घरी ठेवतो. "खेळून काय पोट भरतंय?" असे वर म्हणतो. म्हणून हे चार शब्द.

या स्पर्धा राज्य शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात. आपल्याकडचे काम जिल्हा क्रीडा अधिकारी पाहतात. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे असे अनेक खेळ असून १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे वेगवेगळे गट असतात.

मूलभूत बेण्यापासून पायाभूत आणि त्यातून प्रमाणित बेणे तयार होते, हे आपण जाणताच. इथेही पायऱ्या आहेत: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. महसुलाला आपला अहिल्यानगर जिल्हा नाशिक विभागात असला तरी खेळासाठी तो पुणे विभागात धरतात. राज्यातून निवडलेला खेळाडू पुढे राष्ट्रीय स्पर्धेला जातो. खालची पायरी चुकली की वरची मिळत नाही. तालुक्याला गैरहजर, म्हणजे ते वर्ष गेलेच.

फायदा काय? नियमात बसणाऱ्या खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मात्र तालुक्याच्या प्रशस्तिपत्रावर नोकरी मिळत नाही. त्यासाठी वरच्या पातळीवरचे यश लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाची मुलगी धावण्यात तालुक्यात पहिली आली, पण जिल्ह्याला तिला उतरता आले नाही. जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेत दुसरी! शाळेत घालताना वडिलांनी अंदाजाने सांगितलेली तारीख आडवी आली. पोर रडत घरी आली. चूक तिची नव्हती.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. जन्मदाखला व शाळेतील नोंद आजच ताडून पाहावी. प्रवेश शाळेमार्फतच होत असल्याने मुदतीत नाव गेले की नाही, हे गुरुजींना विचारावे. आणि स्पर्धेच्या दिवशी पोराला रानात अडकवू नये.

लागण दोन दिवस मागे-पुढे झाली तर आम्ही सांभाळून घेऊ. पोराचे वय मात्र कुणासाठी थांबत नाही.

— ऊस विकास विभाग