सोलापुरास जाऊन राहावे काय?

पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक हिशेब वरचेवर मांडला जातो. निवृत्तीस चार-दोन वर्षे उरलेला शिक्षक किंवा कारकून रात्री जेवणानंतर कागद पुढे ओढतो आणि त्यावर घराचे उरलेले हप्ते, सोसायटीची वर्गणी, औषधपाणी व मिळू घातलेले निवृत्तिवेतन यांची बेरीज-वजाबाकी करतो. बेरीज जुळत नाही. मग घरातील कोणीतरी म्हणते, येथील दोन खोल्या विकून एखाद्या लहान शहरात का जाऊ नये? तिथे चार खोल्या येतील, दारात एखादे झाड लावता येईल, वर बँकेत ठेवायला काही शिल्लकही राहील. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर या बोलण्यास आणखी एक आधार मिळाला. घरी बसून कचेरीचे काम करता येते, हे तेव्हा पुष्कळांनी अनुभवले. तेव्हा वडिलांबरोबर मुलानेही यावे, अशी पुस्ती त्यास जोडली जाऊ लागली. कोणी साताऱ्याचे नाव घेते, कोणी मिरजेचे. आमच्या घरात नाव निघाले ते सोलापूरचे, कारण पत्नीचे माहेर तेथले. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता घर पाहण्यासाठी तेथे आठ दिवस राहून आलो. त्या आठ दिवसांत कागदावरचा हिशेब चुकीचा ठरला नाही. मात्र त्यात किती रकमा धरल्याच नव्हत्या, हे ध्यानात आले.

घर स्वस्त आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. पुण्याच्या उपनगरात जे दोन खोल्यांना पडते, त्याच्या जवळपास निम्म्यात सोलापूरच्या चांगल्या वस्तीत ऐसपैस घर मिळते. रिक्षाचे भाडे, भाजी, शिकवणीची फी, मोलकरणीचा पगार या सर्वांतच तफावत आहे. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाण्यास अर्धा तास पुरतो. पुण्यात ज्याचे रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावर जातात, त्यास हा अर्धा तासच अर्धे राज्य वाटला तर नवल नाही. परंतु एखादे शहर स्वस्त का असते, असा प्रश्न घर घेणारा सहसा विचारीत नाही. तो भाव विचारतो, घासाघीस करतो आणि समाधान पावतो. सोलापूरची स्वस्ताई ही तेथील कोणाच्या तरी गेलेल्या मजुरीची दुसरी बाजू आहे. ती बाजू समजून घ्यावयाची तर थोडे मागे जावे लागते.

१८६० साली रेल्वे आली आणि त्यानंतरच्या दशकात मुरारजी गोकुळदासांनी येथे कापडाची गिरणी काढली. सोलापूरकर तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या निघाल्या. हातमागावर वस्त्र विणणारा पद्मशाली समाज तेलंगणातून येऊन शहराच्या पूर्व भागात स्थिरावला. कर्नाटक सीमेवरचे कन्नड भाषिक तर येथलेच होते. गिरणीच्या भोंग्यावर घराघरांतील घड्याळे लावली जात आणि पाळी सुटली म्हणजे पेठांतले रस्ते माणसांनी फुलून जात. या कामगारवस्तीचे तेज १९३० साली साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात सरकारला लष्करी कायदा पुकारावा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फासावर गेले. चौघांची नावे एका ओळीत वाचली की त्या शहराची घडण वेगळी सांगावी लागत नाही.

जुन्या गिरणीची एक गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचयाची असेल. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ही गिरणी व्यवस्थापकांनी बंद केली. १९५० च्या जानेवारीत भारत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनास बाध आला आणि फार मोठी बेकारी ओढवली, अशी कारणे त्यात दिली होती. एका भागधारकाने त्यास आव्हान दिले आणि मूलभूत हक्कांविषयीच्या अगदी आरंभीच्या खटल्यांपैकी एक सर्वोच्च न्यायालयापुढे उभा राहिला. तो चिरंजितलाल चौधरी खटला १९५० च्या डिसेंबरात फेटाळला गेला. न्यायनिर्णयाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. राज्यघटना अमलात येण्याच्या त्या धामधुमीतही सोलापूरची एक गिरणी बंद पडणे ही दिल्लीला दखल घेण्याजोगी आपत्ती वाटली होती, एवढेच लक्षात घ्यावे. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांच्या आतबाहेर लक्ष्मी-विष्णू बंद पडली, तेव्हा कोणाचाही वटहुकूम निघाला नाही. मुंबईच्या गिरणगावाच्या वाताहतीवर, १९८२ च्या संपावर, नाटके-चित्रपट निघाले, ग्रंथ लिहिले गेले. सोलापूरचे भोंगे एकामागून एक थांबले, त्याचा आवाज मात्र जिल्ह्याबाहेर फारसा पोचला नाही.

गिरण्या गेल्या म्हणून विणकाम गेले, असे नाही. जेकॉर्डवरची सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल आजही यंत्रमागांवर निघतात. चादरीस भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. अर्थात मानांकनाने नकली चादर थांबत नाही, हे कोणत्याही जत्रेतल्या दुकानात कळून येते. अलीकडे शाळेचे गणवेश शिवण्याच्या धंद्याने तेथे चांगले मूळ धरले आहे. परंतु गिरणीतील नोकरी म्हणजे हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि युनियन. यंत्रमागाच्या शेडमधील नोकरी म्हणजे तयार नगांवर मजुरी. आणि घरोघर जो एक धंदा शतकभर चालत आला तो विड्यांचा. बाई सकाळी कारखान्यातून पाने आणि तंबाखू घेऊन येते, घरी सुपात घेऊन विड्या वळते, दुसऱ्या दिवशी नेऊन देते. वाईट म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचा तोटा तिच्याच माथी. पुरुषांच्या गिरण्या बंद झाल्या त्या काळात पुष्कळ घरांची चूल या सुपाने पेटती ठेवली. या कामगार स्त्रियांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे लढून स्वतःची घरे पदरात पाडून घेतली. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली आणि त्याच परिसरातील रे नगरमध्ये आणखी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या २०२४ च्या जानेवारीत देण्यात आल्या. स्वस्त घराच्या शोधात पुण्याहून निघालेल्या आमच्यासारख्यांनी ही वसाहत एकदा पाहून यावी. घर म्हणजे काय आणि ते मिळवावे कसे, यासंबंधीचे आपले ज्ञान किती तोकडे आहे ते समजते.

२००१ च्या जनगणनेत सोलापूर महानगराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती. २०११ मध्ये ती ९ लाख ५१ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत नऊ टक्के वाढ. एवढी वाढ तर घरच्या जन्मांनीच व्हावयाची. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड १० लाखांवरून १७ लाखांवर गेले. सोलापूरची मुले कोठे गेली, याचे निदान अंशतः तरी उत्तर या दोन आकड्यांत आहे. गाड्यांची वेळापत्रकेही हीच साक्ष देतात. चार हुतात्म्यांच्या स्मृतीने नाव ठेवलेली हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाला सोलापूर सोडते आणि रात्री दहाच्या सुमारास पुण्याहून परत येते. २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मुंबईची वंदे भारतही सकाळी सोलापुरातून सुटते आणि रात्री परतते. दोन्ही गाड्या सोलापूरच्या माणसाने बाहेर जाऊन काम उरकून यावे, या हेतूने आखलेल्या आहेत. सकाळी पुण्याहून निघून सोलापुरात काम करावे आणि रात्री परत यावे, अशी कोणास गरज पडेल, हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या मनातही आले नसावे.

आता पाण्याविषयी. उजनीसारखे विस्तीर्ण धरण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असूनही सोलापूरकराच्या घरी पाणी रोज येत नाही. गेली कित्येक वर्षे ते तीन-चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही लांबणीवर येत आले आहे. नव्या जलवाहिनीची चर्चा तेथे लहान मुलांनाही पाठ आहे. पुण्याच्या माणसास ही गोष्ट आकड्याने सांगून कळत नाही. आम्ही उतरलो होतो त्या नातलगांच्या घरी पाण्याची पाळी पहाटे तीनला आली. घरातील सारी माणसे, आजीसह, उठली. टाकी, पिंप, हंडे, कळशा, शेवटी बादल्या आणि पातेलीही भरून घेतली. कोणी कोणाशी बोलले नाही; ज्याचे त्याचे काम ठरलेले होते. दीड तासाने सगळे पुन्हा झोपले. लग्नाचा मुहूर्त, पाहुण्यांचे येणे, जाड पांघरुणे धुणे हे सारे त्या पाळीच्या अंदाजाने ठरते. घराच्या किमतीत ही पहाट कोठे धरायची? साठी ओलांडलेल्या जोडप्याने चौथ्या दिवशी पहाटे हंडे उचलायचे असतील, तर बँकेत राहिलेली शिल्लक काय कामाची? शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, तो निराळाच.

या शहराच्या कारभाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत विमानासाठी जेवढा जीव टाकला, तेवढा नळासाठी टाकला असता तर बरे झाले असते, असे माझे मत आहे. विमानाच्या मार्गात येते म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. सभासद शेतकऱ्यांचा तीव्र विरोध होता. समर्थकही तितकेच हिरिरीचे होते. २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान उडाले. विमान येऊ नये असे नव्हे. उद्योगधंदा यावयाचा तर त्याचीही गरज असेल. तथापि ज्या शहराने बंद गिरण्यांच्या चिमण्या इतकी वर्षे पाहिल्या, तेथे चालत्या कारखान्याची चिमणी पाडावी लागावी, हे पाहून जुन्या माणसांना काय वाटले असेल?

हे सर्व लिहूनही मी असे म्हणणार नाही की सोलापूर हे मेलेले गाव आहे. पुण्या-मुंबईहून पाहणाऱ्यांची ती एक सवय आहे. धाराशिवपासून कलबुर्गी-विजयपूरपर्यंतचे रोगी उपचारांसाठी येथे येतात. वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचे आहे आणि २००४ साली एकट्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. संक्रांतीला नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात आणि गड्ड्याची यात्रा भरते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. बाजारात एकच दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात आणि घरातल्या माणसाशी तेलुगूत बोलताना मी ऐकला. त्यात कोणास काही विशेष वाटत नव्हते. ‘इथे फार शांत आहे हो,’ असे आम्ही पूर्व भागातील एका गृहस्थांना म्हणालो. त्यावर ते म्हणाले, ‘माग चालू असले की नसते.’

तेव्हा जावे की न जावे? ज्याचे वेतन वा निवृत्तिवेतन बाहेरून येणार आहे, त्याने पाण्याची सोय पाहून खुशाल जावे. त्याचे तेथे बरे चालेल. परंतु आपण ज्या स्वस्ताईवर जगणार आहोत ती कोणाच्या मजुरीतून आली आहे, याचे भान त्याने ठेवावे, आणि मोलकरणीशी पुण्यातले आठवून घासाघीस करू नये. घरी बसून काम करणाऱ्या तरुणास मात्र मी घाई करू नको असेच सांगेन. कचेरीने उद्या परत बोलावले, तर त्याच्या जोगी दुसरी नोकरी त्या शहरात सापडेल याचा भरवसा नाही, आणि सकाळी साडेसहाच्या गाडीत त्यास जागा धरावी लागेल. नव्याने शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना तर काही सांगावयासच नको. शिक्षकभरतीची गत सर्वत्र सारखीच आहे.

आम्हांला एक घर आवडले. जुळे सोलापुरात, तळमजल्यावरचे, अंगणात एक कढीलिंबाचे झाड. मालक एका बंद गिरणीचे जुने टाइमकीपर. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी साऱ्या खोल्या दाखविल्या, जमिनीतील पाण्याच्या टाकीचे झाकण स्वतः उचलून आतली खोली दाखविली आणि विचारले, ‘सर, भाव विचारला, पाणी कधी येतं ते नाही ओ विचारलं तुम्ही?’ मी ओशाळलो. मग सहज विचारावे तसे विचारले की इतके चांगले घर ते का विकत आहेत. मुलगा पुण्यास असतो, म्हणाले. नातू तेथेच शाळेत जातो, पत्नी गेल्यावर येथे एकट्याने राहणे होत नाही. चहा झाला. निघताना त्यांनी मला दाराशी थांबविले आणि हडपसरच्या बाजूस दोन खोल्यांना हल्ली काय पडते, ते विचारले. मी आकडा सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन कागद-पेन्सिल घेऊन आले आणि तो आकडा मला पुन्हा एकदा सांगावयास सांगितला.