पत्ता बरोबर, वाट भलती

आपल्या टपालखात्याने 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू केला. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल-अधिकाऱ्याची. तिचे मर्म असे की, कोलकात्यात टपाल निवडणाऱ्याला पुण्याच्या सदाशिव पेठेतला बोळ ठाऊक असण्याचे कारणच उरले नाही. 411030 मधले पहिले तीन अंक पाहून त्याने पत्र पुण्याच्या वाटेला लावले की त्याचे काम संपले. पुढचे पुणेकर पाहून घेतील.

संगणकांच्या जाळ्यातला व्यवहार समजावून सांगण्यास आम्हांला याहून सोयीचा दाखला आढळला नाही. आपण यंत्राला सांगतो ते नाव केवळ आपल्या सोयीसाठी. पाठवणीपूर्वी त्या नावाचा क्रमांक शोधला जातो, मजकुराचे लहान लहान तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर तो क्रमांक चढतो. जुन्या पद्धतीचा क्रमांक चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा 0 ते 255 यांमधला. वाटेत राउटर नावाची यंत्रे बसलेली असतात. त्यांतल्या एकालाही सबंध वाट ठाऊक नसते. जवळ फक्त एक तक्ता: अमुक आरंभाचे क्रमांक अमुक शेजाऱ्याकडे द्यावेत. एकाच तुकड्याला दोन नोंदी लागू पडल्या, तर जिचा आरंभ अधिक दूरवर जुळतो ती नोंद पाळायची. 'पुणे' आणि 'सदाशिव पेठ' अशा दोन थैल्या समोर असतील, तर पेठेचे पत्र पेठेच्याच थैलीत जाणार. नियम अगदी शहाणपणाचा आहे.

पण हा तक्ता भरतो कोण? श्रोतेहो, खरी मेख इथे आहे. तो शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून भरला जातो! 'हे क्रमांक आमच्याकडे मिळतील,' असे एक जाळे दुसऱ्याला सांगते, दुसरे तिसऱ्याला. बोलणारा खरे बोलतो की नाही, हे ताडून पाहण्याची सोय मूळ रचनेत नव्हती.

24 फेब्रुवारी 2008 रोजी याचा प्रत्यय आला. पाकिस्तान सरकारने यूट्यूब देशात बंद करण्याचा हुकूम दिला होता. पाकिस्तान टेलिकॉमने त्यासाठी यूट्यूबच्या 256 क्रमांकांचा गट आपलाच असल्याची नोंद केली. ती घरातच राहायची. पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या जाळ्याने ती ऐकली आणि जगाला सांगितली. यूट्यूबची स्वतःची नोंद होती 1,024 क्रमांकांच्या मोठ्या गटाची. पाकिस्तानची नोंद अधिक नेमकी, म्हणून राउटरांनी तिलाच मान दिला, आणि जगभरचे प्रेक्षक एका आंधळ्या गल्लीत जाऊन पडले. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. सगळी नियमाप्रमाणेच वागत होती. यूट्यूबने मग तोच 256 चा गट आणि पाठोपाठ त्याचे 128 क्रमांकांचे दोन अर्धे गट जाहीर केले. नेमकेपणाला अधिक नेमकेपणाने उत्तर! तरी पीसीसीडब्ल्यूने नोंदी मागे घेईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला.

क्रमांकांच्या मालकाने सहीनिशी सांगावे की, माझे क्रमांक अमक्याच जाळ्याने जाहीर करावेत. आणि राउटरने ते पडताळावे, अशा व्यवस्थेची रूपरेषा 2012 साली प्रसिद्ध झाली. आरपीकेआय हे तिचे नाव. अनेक मोठ्या जाळ्यांनी ती स्वीकारली आहे. मात्र ही सही मुक्कामाचा मालक कोण एवढेच सांगते. मधल्या वाटेवर कोण कोण उभे आहे, याची ग्वाही ती देत नाही.