छायाचित्रांच्या दप्तराची रुजुवात

घरच्या छायाचित्रांचा संग्रह क्लाउडवरून उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर आणणे हे निव्वळ वाहतुकीचे काम आहे, अशी ज्याची समजूत असेल, त्याने गूगल टेकआउटमधून आलेल्या झिप फायली उघडून त्यांतील ऐवज एकदा स्वस्थपणे पाहावा. चित्रांसोबत त्यांच्याच नावांच्या जेसन फायली आलेल्या असतात, आणि चित्र केव्हा व कोठे घेतले, त्याखाली कोणी काय लिहिले, याचा तपशील त्यांत असतो. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राच्या अंगीच बहुधा एक्झिफ नोंद असते, म्हणून त्याची चिंता थोडी. परंतु व्हॉट्सॲपवरून आलेल्या किंवा जुन्या अल्बमातून स्कॅन करून मागाहून हाताने तारीख दिलेल्या चित्राचा काळ पुष्कळदा या जेसनमध्येच उरलेला असतो, आणि लांब नावे मध्येच तुटल्यामुळे चित्र व नोंद यांची जोडी जुळेनाशी झाली, की ती माणसाला डोळ्यांत तेल घालून लावावी लागते.

तारखेचे प्रकरण याहून नाजूक आहे. जेसनमधील काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजलेला असतो, आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास चालते. त्यामुळे हा फरक जमेस न धरल्यास नरकचतुर्दशीच्या पहाटे ५ वाजता अभ्यंगस्नानाच्या पाटाशी घेतलेले चित्र आदल्या रात्रीच्या ११.३० वाजता जाऊन बसते. म्हणून मी चित्रे इमिच या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या छायाचित्र-संग्रहाच्या प्रणालीत भरताना प्रत्येक वर्षातील काही सण व काही पहाटा मुद्दाम निवडून त्यांची खातरजमा करीत गेलो. तेच चित्र वर्षाच्या आणि अल्बमच्या अशा दोन्ही फोल्डरांत आले असले, तरी इमिच त्याचा चेकसम ताडून दुसरी प्रत नाकारते, हे साह्य मोठे.

चेहऱ्यांची नावे मात्र नव्याने द्यावी लागतात. यंत्र सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांचे गट पाडते. पण नऊवारीतली तरुणी आणि काठी टेकणारी वृद्धा एकच, हे पुष्कळदा त्याला उमगत नाही. ते आत्याबाईंना शेजारी बसवून विचारावे लागले, आणि त्यांनी सांगितलेली कित्येक नावे तोवर कोणत्याही दप्तरी दाखल झालेली नव्हती.

संग्रह आपल्या ताब्यात आला म्हणजे त्याची जोखीमही आपल्याकडे आली. दोन डिस्कांवर तीच चित्रे एकाच वेळी लिहिणारा रेड एक डिस्क बिघडल्यास तारतो, परंतु चुकून पुसलेले चित्र तो दोन्हींवरून तत्क्षणी पुसतो. म्हणून एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा दंडक पाळावा, इमिचच्या डेटाबेसचीही प्रत त्यांसोबत ठेवावी, आणि वर्षावार रुजुवात पुरी होईतो क्लाउडवरील मूळ संग्रहास हात लावू नये. चित्रे यंत्रे सांभाळतील; त्यांतील माणसे कोण होती हे लिहून ठेवण्याचे कर्तव्य मात्र, ती सांगणारी मंडळी आपल्यात आहेत तोवर, आपलेच आहे.