टर्बोचा दाब : वाढवावा किती, आवरावा कसा?

‘गाडीला पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही’ ही टर्बोचार्जर असलेल्या गाडीच्या मालकाची नेहमीची तक्रार. गॅरेजमध्ये त्यावर बहुधा एकच उत्तर मिळते : टर्बो गेला, बदलावा लागेल. हा खर्च हजारांत नव्हे, तर अनेकदा लाखाच्या घरात जातो. प्रत्यक्षात कित्येकदा टर्बो ठणठणीत असतो आणि दोष त्याला आवर घालणाऱ्या एखाद्या रबरी नळीत किंवा छोट्याशा झडपेत दडलेला असतो. त्यामुळे हा आवर कसा घातला जातो, हे मालकानेही जाणून घेणे फायद्याचे आहे.

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर टर्बोच्या एका बाजूचे चाक फिरवतो. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे हा या दांड्याचा सहज वेग. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन, अधिक इंधन म्हणजे अधिक धूर आणि अधिक धूर म्हणजे पुन्हा अधिक वेग. हे चक्र मोकळे सोडले तर इंजिनाचा चुराडा ठरलेला. म्हणून धुराचा काही भाग चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे सोडणारी एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. ती उघडण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर नावाची डबी करते. डबीत पडदा आणि स्प्रिंग असते. टर्बोने निर्माण केलेला दाब, म्हणजेच बूस्ट, एका नळीतून या पडद्यावर येतो. तो स्प्रिंगला भारी पडला की झडप उघडते.

नुसत्या स्प्रिंगवर विसंबले तर दाब कायम एकच राहील. म्हणून त्या नळीवर विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्याच्याकरवी पडद्याकडे निघालेला थोडा दाब वाटेतच सोडून देतो. पडद्याला खरा दाब कळत नाही, झडप मिटलेली राहते आणि बूस्ट स्प्रिंगच्या मर्यादेपलीकडे चढतो. पडद्याची ही एक प्रकारे फसवणूकच! स्वीडनच्या साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘एपीसी’ या नावाने ही कल्पना प्रवासी गाड्यांत रुजवली. इंजिनात ‘नॉकिंग’ सुरू झाल्याचे संवेदकाने कळवताच त्यांची यंत्रणा बूस्ट आपोआप उतरवत असे. आजच्या पेट्रोल टर्बो गाड्यांतील व्यवस्था त्याच विचाराची पुढची आवृत्ती आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत मात्र डबीऐवजी विजेची मोटर थेट वेस्टगेट हलवते.

ही रचना ध्यानात घेतली की बिघाडाचा माग काढणे सोपे होते. सोलेनॉइडची वायर निघाली तर सगळा दाब पडद्यावर येतो, झडप लवकर उघडते आणि गाडी स्प्रिंगपुरत्या कमी बूस्टवर रडतखडत चालते. उलट, पडद्याकडे जाणारी नळीच फाटली किंवा निसटली तर पडद्याला काहीच कळत नाही, झडप उघडतच नाही आणि बूस्ट भलताच चढतो. मग ईसीयू थ्रॉटल मिटवून गाडीला ‘लिम्प मोड’मध्ये टाकतो. घाटात ट्रकला ओलांडताना असे घडले तर प्रसंग बाका होतो. स्कॅनरवर पहिल्या प्रकारात पी०२९९ आणि दुसऱ्यात पी०२३४ हे संकेत सहसा दिसतात. संकेत दोष कोणत्या दिशेचा आहे ते सांगतो, कोणता भाग नासला ते सांगत नाही. ‘पी०२९९ आला, टर्बो बदला’ हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा. जुन्या धाटणीच्या अनेक डिझेल गाड्यांत तर गणित उलटे असते. तेथे डबी निर्वात दाबावर चालते, त्यामुळे नळी फाटली की बूस्ट चढत नाही, पडतो. काजळीने टर्बोतील हलती पाती अडकणे हे डिझेलचे आणखी एक दुखणे.

सर्वांत फसवा दोष इंटरकूलरच्या होजमधील गळतीचा. भेग बारीक असेल तर चालकाला काहीच जाणवत नाही. ईसीयू टर्बोला अधिक पिटाळून गळतीची भरपाई करत राहतो. टर्बो त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो, तापतो आणि काही महिन्यांनी खरोखरच जातो. नवा टर्बो बसवला तरी भेग तशीच! हे टाळायचे तर हवेचा मार्ग एका टोकाला बंद करून त्यात कॉम्प्रेसरची हवा बेताने भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे चोर दाखवतात. अ‍ॅक्च्युएटरची दांडी किती दाबाला हलते, हे हातपंप व गेज लावून पाहता येते. ही तपासणी तासाभराची असते. ती केल्याशिवाय टर्बोला हात लावू देऊ नये.

उंचीचाही हिशेब असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईतल्या १ बारऐवजी ०.८६ बारच्या आसपास असतो. इंजिनाला एकूण १.८ बार दाब हवा असेल, तर मुंबईत टर्बोला हवा सुमारे १.८ पट दाबावी लागते, वर गेल्यावर सुमारे २.१ पट. घाटमाथ्यावर गाडी किंचित मंदावली तर तो दरवेळी बिघाड नसतो. टर्बोच्या रक्षणासाठी ईसीयूने घेतलेला तो आखडता हात असू शकतो.

आता बूस्ट वाढवण्याच्या हौसेविषयी. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटच्या दोन गाड्या येथे उद्‌बोधक ठरतात. २०१०ची लिनिया टी-जेट ११४ अश्वशक्तीची होती, तर २०१५ची अबार्थ पुंटो १४५ची. दोन्हींचे इंजिन १३६८ सीसीचे. कमाल टॉर्क मात्र अनुक्रमे २०७ आणि २१२ न्यूटन मीटर, म्हणजे जवळपास सारखाच. फरक कुठून आला? टॉर्क वाढवून नव्हे, तर तो अधिक फेऱ्यांपर्यंत टिकवून ठेवून. खालच्या फेऱ्यांवर एकदम बूस्ट चढवला की धक्का झकास जाणवतो, पण कनेक्टिंग रॉडला झेपत नाही. बाजारातील स्वस्त रिमॅप नेमका हाच धक्का विकतात.

जाणकार ट्यूनर आधी केवळ स्प्रिंगवर किती बूस्ट मिळतो ते मोजतो. मग फेऱ्यांनुसार सोलेनॉइड किती वेळ उघडा ठेवायचा याचा तक्ता बसवतो आणि चूक दुरुस्त करणारे नियंत्रण शेवटी जोडतो. क्रम उलटला तर बूस्ट उसळतो, मग कोसळतो, पुन्हा उसळतो. प्रत्येक फेरीनंतर मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि नॉकिंगमुळे मागे घेतलेले इग्निशन यांची नोंद पाहावी लागते. अशी नोंद जो दाखवू शकत नाही, त्याच्या हाती गाडी न दिलेली बरी.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. रिमॅप काढून मूळ प्रोग्रॅम पुन्हा भरला की कुणाला कळणार नाही, असे सांगितले जाते. पण काही उत्पादकांच्या ईसीयूत प्रोग्रॅम किती वेळा बदलला याची मोजणी राहते, आणि कंपनीचा स्कॅनर ती वाचू शकतो.