साथीच्या काळातील आश्रयार्थींचे अलगीकरण

स्वदेशात जिवाला धोका उत्पन्न झाल्यामुळे परदेशात येऊन संरक्षण मागणारा, परंतु ज्याच्या अर्जाचा निर्णय अद्याप लागलेला नाही, अशा व्यक्तीस आश्रयार्थी म्हणतात. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्वासितास पुन्हा त्याच संकटाच्या तोंडी लोटता येत नाही. अर्जाचा निर्णय लागेपर्यंत ज्याच्यापाशी स्वतःचे साधन नसते, त्याला सरकार देईल त्या जागी राहावे लागते. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले आणि देशोदेशी "घरीच राहा" असे आदेश निघाले. ज्यांना घरच नाही त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या वेळी युरोपातील अनेक सरकारांपुढे उभा राहिला.

येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. रोग झालेल्यास वेगळे ठेवणे हे विलगीकरण. रोग्याच्या सहवासात आलेल्या, परंतु वरकरणी निरोगी दिसणाऱ्या माणसास काही दिवस वेगळे ठेवणे हे अलगीकरण. कोविडच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी प्रारंभी १४ दिवसांची मुदत सुचविली होती. ही मुदत अखेरच्या संपर्कापासून मोजावयाची असते. एका दालनात बारा माणसे निजत असतील आणि दहाव्या दिवशी त्यांतील एकास बाधा झाली, तर उरलेल्या अकरा जणांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे अशा दालनात माणसे कोंडल्याने बाहेरच्या वस्तीला काहीसे संरक्षण लाभेल. आतील माणसांचा धोका मात्र वाढतो आणि त्यांची सुटकाही लांबते. प्लेगाच्या दिवसांत मुंबई इलाख्यातील गावकरी गाव सोडून रानात झोपड्या घालून राहात. तेथे निदान एका कुटुंबाची झोपडी दुसऱ्यापासून अंतरावर असे.

इंग्लंडमधील केंट परगण्यात फोकस्टन शहरानजीक नेपिअर बराक नावाची जुनी लष्करी वसाहत आहे. सप्टेंबर २०२० पासून तेथील गृहखात्याने तीत आश्रयार्थी पुरुषांना ठेवण्यास प्रारंभ केला. एकेका सामायिक दालनात चौदापर्यंत खाटा, मध्ये आडोसा असलाच तर चादरीचा किंवा पातळ फळीचा, आणि स्नानगृहे व भोजनगृह समाईक, अशी तेथील व्यवस्था होती. साथीत असे सामायिक शयनगृह योग्य नव्हे, असा सल्ला तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने आधीच दिला होता. तो मानला गेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये रोगाचा उद्रेक झाला आणि सुमारे चारशे रहिवाशांपैकी जवळजवळ दोनशे जणांना बाधा झाली. सुमारे शंभर जणांना काही आठवडे आपापल्या इमारतीतच राहावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथे आगही लागली. फेब्रुवारीत पाहणी करून गेलेल्या सरकारी निरीक्षकांनी असा निष्कर्ष काढला की, अशा दाटीत एकास बाधा झाल्यावर मोठा उद्रेक जवळपास अटळच होता.

सहा आश्रयार्थींनी न्यायालयात दाद मागितली. जून २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही निवासव्यवस्था कायद्याला अपेक्षित असलेल्या किमान दर्जाची नव्हती. तसेच उद्रेकाच्या काळात रहिवाशांना आवाराबाहेर जाण्यास ज्या रीतीने मनाई करण्यात आली, तीही कायद्यास धरून नव्हती. साथ होती म्हणून सर्व माफ, हा युक्तिवाद टिकला नाही. तज्ज्ञांचा सल्ला फाइलीत असूनही निर्णय उलट व्हावा, ही गोष्ट कोणत्याही देशातील अधिकाऱ्याने विचारात घ्यावी अशी आहे.

इटलीने निराळा मार्ग धरला. १२ एप्रिल २०२० च्या आदेशान्वये भूमध्य समुद्रातून वाचविलेल्या लोकांना किनाऱ्यावर उतरविण्यापूर्वी प्रवासी जहाजांवर ठेवण्यास सुरुवात झाली. पहिले जहाज सिसिली बेटावरील पालेर्मो शहराजवळ उभे करण्यात आले. जहाजावरील देखभाल रेड क्रॉसच्या कार्यकर्त्यांकडे होती. प्रवासी जहाजावर वेगवेगळ्या खोल्या असतात, त्यामुळे अंतराचा प्रश्न बराकीपेक्षा सोपा होतो, हे मान्य करावयास हवे. तथापि वकील, दुभाषी आणि मनोविकारतज्ज्ञ यांना समुद्रातील जहाजावर पोहोचणे कठीण. नावेतून जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला किनारा डोळ्यांसमोर दिसत असूनही तेथे पाऊल टाकता येत नसे. मे २०२० मध्ये सिसिलीजवळ अशाच एका जहाजावरून समुद्रात उडी घेतलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला.

नेपिअर बराक न्यायालयाच्या निकालानंतरही बंद झाली नाही. रहिवाशांची संख्या पूर्वीपेक्षा कमी ठेवून आश्रयार्थींसाठी तिचा वापर पुढे चालू राहिला.