कोठी रिकामी होताना

इटलीतील मिलान शहरात १ मे ते ३१ ऑक्टोबर २०१५ या काळात जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याचा विषय होता पृथ्वीचे पोषण. अनेक देशांनी आपापली दालने अन्नाभोवती रचली होती. त्यांतील स्वित्झर्लंडचे दालन जैन कुटुंबांनी आवर्जून समजून घ्यावे असे होते.

तेथे चार उंच मनोरे उभे होते. एकात कॉफी, दुसऱ्यात मीठ, तिसऱ्यात वाळवलेल्या सफरचंदाच्या चकत्या आणि चौथ्यात पाणी. पाहुण्यांनी वर जावे आणि हवे तेवढे घ्यावे. त्याला मूल्य नव्हते. अट एकच, संपलेला साठा पुन्हा भरायचा नाही. साठा जसजसा घटे, तसतसे मंच खाली सरकत आणि दालनाचे रूपच पालटे. आधी येऊन गेलेल्यांनी किती नेले, हे मागून येणाऱ्याला डोळ्यांनी दिसे. ‘सर्वांना पुरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचा हातच देत होता.

व्यापारी माणसाला साठ्याची भाषा परकी नाही. दुकानातील माल संपला की नवी मागणी नोंदवता येते. पृथ्वीच्या कोठाराला मात्र तशी सोय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, माणसासाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला जवळपास १३० कोटी टन, वाया जाते. परिग्रह-परिमाण व्रत आणि ऊनोदरी तप यांचा अर्थ या आकड्याशेजारी ठेवला, तर तो मुलांना निराळाच उमगेल.

महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने पाठशाळांची प्रदर्शने भरतात. बहुधा तेथे चित्रे आणि फलक असतात. मुले पाहतात आणि पुढे जातात. त्याऐवजी एका मंडपात फुटाणे, चुरमुरे, लाह्या आणि खडीसाखर यांच्या चार पारदर्शक, झाकणबंद कोठ्या ठेवता येतील. अपेक्षित मुलांच्या संख्येनुसार तीन दिवसांचा साठा एकदाच भरावा आणि प्रत्येक दिवसाअखेरची पातळी कोठीवर रेघेने दाखवावी. शेजारच्या कोपऱ्यात ताटात मूग निवडण्यास द्यावेत. खडा वेगळा काढणे आणि एखादा जीव दिसल्यास त्याला मऊ पुंजणीने अलगद बाजूला ठेवणे, हा जयणेचा पाठ बोटांनाच मिळेल. सूर्यास्तापूर्वी मंडप बंद व्हावा.

कार्यकर्त्यांनी मात्र दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जास्त घेणाऱ्या मुलाला रागावू नये आणि कोठी पुन्हा भरू नये. यांतील दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. स्वामिवात्सल्यात पंगतीला काही कमी पडू नये, यात यजमानाची प्रतिष्ठा मानली जाते. रिकामे भांडे त्याला लाजिरवाणे वाटते. त्याच लाजेपोटी अंदाजापेक्षा अधिक शिजते आणि उरलेले टाकले जाते.

तिसऱ्या दिवशी एखादे लहान मूल रिकाम्या कोठीसमोर उभे राहील, तेव्हा कोणाचा तरी हात गुपचूप पोत्याकडे वळेल. तो हात आवरावा. त्याऐवजी पहिल्या दिवशी ओंजळ भरून नेलेल्या मुलांना बोलावून तिच्यासमोर उभे करावे आणि काही न बोलता थोडा वेळ थांबावे. त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या खिशातले चार फुटाणे पुढे केले, तर मंडपाचे काम झाले असे समजावे.