शिकारीपलीकडचे अरण्य

केवळ प्राण्यांना वाहिलेली ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’ ही वाहिनी १९९६ साली अमेरिकेत सुरू झाली. अरण्य घरोघरी पोचले खरे, परंतु कोणते? सिंह दिवसाचे २० तासांपर्यंत विश्रांती घेतो. पडद्यावर मात्र तो सदैव झेपावतानाच दिसतो. नाट्याचा हा हव्यास जुना आहे. डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८) या ऑस्करविजेत्या चित्रपटात लेमिंग या उंदीरवर्गीय प्राण्यांची सामूहिक ‘आत्महत्या’ दाखविली गेली. ती बनावट होती, हे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघडकीस आणले. दंतकथा मात्र टिकून राहिली.

म्हणूनच आदर्श वाहिनीचे पहिले व्रत सत्याचे असावे. तिने फसलेली शिकारही दाखवावी आणि चित्रण कसे झाले, तेही सांगावे. वाघाइतकाच वेळ गिधाडाला द्यावा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने भारतातील गिधाडे नामशेष होण्याच्या काठावर आली. त्या वापरावर बंदी आली ती २००६ साली. आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेला शेतकरीही त्याच पडद्यावर दिसावा. जे प्रेक्षकाला कधी दिसतच नाही, त्याच्या रक्षणासाठी तो आवाज कसा उठवणार?